शंभर मण्यांची माळ आणि तिबेटचा नकाशा

तिबेटी बौद्ध परंपरेतील जपमाळेत 108 मणी असतात. 1865 साली हिमालय ओलांडून तिबेटात जाण्यास निघालेल्या एका यात्रेकरूच्या हातातील माळेत मात्र 100 मणी होते. दुसऱ्या हातात प्रार्थनाचक्र होते, पण त्याच्या पोकळीत मंत्राचा कागद नव्हता. तेथे कोरे कागद होते आणि ते दिवसागणिक आकड्यांनी भरत जात होते. हा यात्रेकरू कुमाऊं प्रांतातील मिलम या गावच्या सरकारी शाळेचा मास्तर होता. त्याचे नाव नैनसिंह रावत. आशिया खंडाच्या मध्यावरील त्या उंच, उजाड, पर्वतमय मुलखाचा मोजणीवर आधारलेला नकाशा या शाळामास्तराच्या पावलांतून आकाराला आला.

आपल्या निवासी शाळेच्या या स्मरणिकेसाठी आम्हांला हाच विषय का सुचला, असा प्रश्न माजी विद्यार्थ्यांना पडेल. कारणे दोन आहेत. एक तर या नकाशाची सुरुवातीची रेघ आपल्या दख्खनच्या पठारावरूनच उत्तरेकडे गेली. दुसरे असे, की जमीन कुणाच्या पायांना ठाऊक असते आणि ती कुणाच्या नावावर लागते, हा प्रश्न आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. नकाशाचा इतिहास वाचताना तोच प्रश्न आम्हांला पुन्हा भेटला.

दख्खनवरून गेलेली रेघ

10 एप्रिल 1802 रोजी विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने मद्रासजवळ एक सरळ रेषा साखळीने मोजण्यास आरंभ केला. पुढे भारताची महात्रिकोणमिती मोजणी म्हणून जे काम प्रसिद्धीस आले, त्याचा तो पाया होता. या मोजणीचे तत्त्व आपल्या नववी-दहावीच्या मुलांनाही कळण्यासारखे आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांवरील कोन ठाऊक असले, की उरलेल्या दोन बाजूंची लांबी गणिताने काढता येते. म्हणून एक बाजू जमिनीवर अत्यंत काटेकोरपणे मोजावयाची, मग तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीवरील निशाणाचा कोन घ्यावयाचा. गणिताने मिळालेली बाजू हाच पुढच्या त्रिकोणाचा पाया. अशी त्रिकोणांची माळ ओवत ओवत ही मोजणी कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेली.

78 अंश रेखांशाच्या आसपासने जाणारी ही माळ आपल्या शिरड शहापूरच्या पूर्वेकडून, तेव्हाच्या निझामाच्या मुलखातून वर गेली. कोन मोजण्याचे मोठे थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचे होते. ते डोंगरावर चढवायचे, झाडी तोडून दृष्टिरेषा मोकळी करायची, रात्री टेकडीवर दिवा तेवत ठेवायचा, निशाण धरून उन्हात उभे राहायचे, ही सारी कामे खलाशी, हमाल आणि निशाणवाले करीत. कृष्णा आणि गोदावरी यांच्या मधल्या जंगलात जॉर्ज एव्हरेस्टची तुकडी तापाने कोसळली. खुद्द लॅम्बटन 20 जानेवारी 1823 रोजी आपल्या विदर्भातील हिंगणघाट येथे, कामावर असतानाच मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. साहेबाच्या कबरीवर नाव राहते. त्याच रानात तापाने गेलेल्या हमालांची आणि खलाशांची नावे कुठल्याही टेकडीवर कोरलेली नाहीत.

लॅम्बटननंतर एव्हरेस्टने हे काम हिमालयाच्या पायथ्याशी डेहराडूनपर्यंत नेऊन 1841 साली पुरे केले. तेथून मोजणीदारांनी बर्फाच्या शिखरांकडे यंत्रे वळविली. दुरून घेतलेल्या कोनांचे किचकट गणित करून पंधराव्या क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच आहे, या निष्कर्षापर्यंत नेणारी आकडेमोड राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने केली. 1856 साली त्या शिखराची उंची 29,002 फूट अशी जाहीर झाली. शिखराला नाव मात्र तेव्हा निवृत्त होऊन मायदेशी परतलेल्या एव्हरेस्टचे दिले गेले.

जेथे यंत्र नेता येत नव्हते

हिमालयापलीकडे मात्र त्रिकोणांची माळ पुढे सरकेना. तिबेटची दारे युरोपीय माणसाला बंद होती. प्रदेशही विलक्षण होता. हिमालयाची रांग पावसाळी ढगांना दक्षिणेकडेच अडवून धरते, त्यामुळे तिच्या उत्तरेला आभाळ कोरडे राहते. लडाखमधील लेह येथे वर्षभरात पडणारा पाऊस सुमारे 100 मिलिमीटर. आपल्या मराठवाड्यातील दुष्काळी वर्षाचा पाऊसही त्याच्या कितीतरी पट असतो. लेहच्या पूर्वेला चांगथांगचे पठार पसरलेले आहे. त्याची उंची बहुतेक ठिकाणी साडेचार हजार मीटरांच्या वर. झाड नाही, शेत नाही. मैलोगणती खडे, वाळू, खाऱ्या पाण्याची सरोवरे आणि चारही बाजूंना उघडे डोंगर. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ऊन उभे राहते. हे वाळवंट थंडीचे आहे. अशा मुलखात दिशा चुकलेल्या माणसाला वाट विचारायलाही कुणी भेटत नाही.

या प्रदेशात आपले अधिकारी पाठविणे अशक्य, म्हणून मोजणी खात्यातील कॅप्टन टॉमस माँटगोमेरी याने सरहद्दीवरच्या भारतीयांनाच मोजणी शिकवून पाठविण्याची योजना आखली. पहिली निवड अब्दुल हमीद या मुन्शीची झाली. तो 1863 साली यारकंदला पोहोचला. परतीच्या वाटेवर त्याचा मृत्यू झाला आणि त्याची टिपणे तेवढी मागे आली. त्याच सुमारास कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातून नैनसिंह आणि त्याचा भाऊबंद मणिसिंह यांना डेहराडूनला आणण्यात आले. जोहारचे लोक पिढीजात तिबेटशी व्यापार करीत; त्यांना भाषा येत होती, रीतिरिवाज ठाऊक होते. नैनसिंह मास्तर असल्यामुळे खात्यात त्याला ‘पंडित’ म्हणू लागले, आणि पुढे अशा साऱ्याच हेरमोजणीदारांना तेच नाव पडले.

पाऊल हेच माप

डेहराडूनमध्ये दोन वर्षे शिक्षण चालले. त्यातील पहिला धडा चालण्याचा होता. चढ असो, उतार असो, वाळू असो की खडक, प्रत्येक पाऊल सारख्याच लांबीचे पडले पाहिजे. सुमारे 2000 पावले म्हणजे एक मैल. दर 100 पावलांना माळेचा एक मणी पुढे सरकवायचा. माळ एकदा पूर्ण फिरली की 10,000 पावले, म्हणजे सुमारे पाच मैल झाले. 108 मण्यांच्या माळेवर हा हिशेब सोपा राहिला नसता. म्हणून आठ मणी काढले.

अंतर कळले तरी नकाशा होत नाही, दिशा हवी. ती लहान होकायंत्रावरून घेतली जाई. परंतु हजार मैलांच्या वाटेत पावलांची आणि दिशेची बारीक चूक साचत साचत मोठी होते. ती सुधारण्यासाठी ठिकठिकाणी अक्षांश काढावा लागे. दुपारचा सूर्य किंवा रात्रीचा ठरावीक तारा क्षितिजापासून किती उंच आहे हे सेक्स्टंट या यंत्राने मोजले की अक्षांश मिळतो. डोंगराळ प्रदेशात खरे क्षितिज दिसत नाही. म्हणून वाडग्यात पारा ओतून त्याच्या सपाट पृष्ठभागात ताऱ्याचे प्रतिबिंब पाहायचे. तो पारा कवड्यांमध्ये भरून नेला जाई आणि यात्रेकरूचे वाडगे त्याला पात्र म्हणून उपयोगी पडे. सेक्स्टंट पेटीच्या चोरतळात, तापमापक काठीच्या पोकळीत.

तापमापकाचे काम उंची सांगणे. जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळते. साधारण 300 मीटरला एक अंश सेल्सिअस, असा ढोबळ हिशेब. आपल्याकडे 99 अंशांच्या आसपास उकळणारे पाणी ल्हासात 88 अंशांच्या आसपास उकळते. नैनसिंह मुक्कामावर चहाचे आधण ठेवतो आहे असे पाहणाऱ्याला वाटे. तो डोंगराची उंची मोजत असे.

जानेवारी 1866 मध्ये तो ल्हासाला पोहोचला. तेथे काही महिने राहिला, रात्री गुपचूप तारे पाहिले, शहराचा अक्षांश आणि उंची निश्चित केली आणि त्सांगपो नदीच्या काठाने पश्चिमेकडे मानसरोवराच्या दिशेने परतला. त्या प्रवासात त्याने सुमारे 1200 मैल मोजले. म्हणजे जवळपास 25 लाख पावले. 1867 साली तो पश्चिम तिबेटातील सोन्याच्या खाणींपर्यंत गेला. 1874 साली त्याने लेह सोडले आणि चांगथांगचे ते निर्मनुष्य पठार पश्चिमेकडून पूर्वेकडे पार करून, ल्हासामार्गे तवांगवरून 1875 साली आसामात उतरला. ज्या भागात नकाशावर कोरा कागद होता, तेथे सरोवरांची रांग, डोंगरांची रांग आणि वाट उमटली. 1877 साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. 2004 साली भारतीय टपाल खात्याने त्याच्या आणि राधानाथ सिकदार यांच्या स्मरणार्थ तिकिटे काढली.

हा अभिमान बाळगतानाच एक गोष्ट स्वच्छपणे सांगितली पाहिजे. ही मोजणी साम्राज्याच्या सोयीसाठी होती. ज्या लोकांनी यात्रेकरू समजून त्याला ओसरीवर जागा दिली, चूल दिली, त्यांच्या नकळत ती झाली. माळ आणि प्रार्थनाचक्र ही श्रद्धेची साधने हेरगिरीचे आवरण झाली. 1903-04 साली ब्रिटिश फौज बंदुका घेऊन ल्हासावर चालून गेली, तेव्हा तो मुलूख तिला पूर्वीइतका अनोळखी राहिला नव्हता. ज्ञान आपोआप करुणेच्या बाजूला जात नाही. त्याला तिकडे न्यावे लागते. इतिहासाच्या शिक्षकाने पदकाबरोबर ही बाजूही मुलांना सांगावयास हवी.

ज्याला लिहिता येत नव्हते

पंडितांमध्ये नैनसिंहाहून आम्हांला अधिक अस्वस्थ करणारा माणूस म्हणजे किंथुप. हा सिक्कीमचा रहिवासी. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. तिबेटच्या कोरड्या पठारावरून पूर्वेकडे वाहणारी त्सांगपो हीच आसामातील ब्रह्मपुत्रा आहे की नाही, हा तेव्हाचा मोठा भौगोलिक वाद होता. तो सोडविण्यासाठी 1880 साली एका लामाला पाठविण्यात आले आणि किंथुपला त्याचा सोबती म्हणून दिले. लामाने वाटेत पैसे उडविले आणि किंथुपला गुलाम म्हणून विकून टाकले.

किंथुप तेथून निसटला. पाठलाग झाला तेव्हा एका विहाराच्या प्रमुखाने त्याची किंमत मोजून त्याला आसरा दिला. मोकळा झालेला माणूस घरी परतला असता तर त्याला कुणी दोष दिला नसता. त्याने मात्र सोपविलेले काम पुरे करण्याचे ठरविले. 500 ओंडके तोडले, त्यांवर खुणा केल्या आणि कुणाकडून तरी पत्र लिहवून घेऊन आपण ते अमुक दिवसांत, रोज 50 प्रमाणे, नदीत सोडणार असल्याचा निरोप दार्जिलिंगला धाडला. खाली आसामात ते दिसले असते तर दोन्ही नद्या एकच, हे सिद्ध झाले असते. ठरल्या दिवशी त्याने ओंडके सोडले. परंतु ज्या अधिकाऱ्यासाठी तो निरोप होता तो भारत सोडून गेलेला होता. ओंडके वाहत गेले. काठावर पाहणारे कुणी नव्हते.

चार वर्षांनी किंथुप परतला. त्याने सारी वाट तोंडी सांगितली, दुसऱ्याने ती लिहून घेतली, आणि निरक्षर माणसाच्या स्मरणावर किती विसंबावे, अशी शंका जाणकारांनी घेतली. सुमारे 30 वर्षांनी, 1913 साली, बेली आणि मोर्सहेड हे दोघे अधिकारी त्याच दरीतून गेले, तेव्हा त्याच्या सांगण्यातील बहुतेक तपशील खरे ठरले. तोवर किंथुप दार्जिलिंगमध्ये शिंपीकाम करून पोट भरत होता.

नैनसिंहाला पदक मिळाले, किंथुपला शंका मिळाली. दोघांचेही पाय तितकेच प्रामाणिक होते. दोघांमध्ये अंतर होते ते पाटी-लेखणीचे. नैनसिंहाच्या टिपणांत आकडे होते. ते कुणालाही तपासता येत होते. किंथुपजवळ फक्त स्वतःचा शब्द होता.

आपल्या शिवेची गोष्ट

आता हे सारे आपल्या गावाशी जोडून पाहू. जुन्या गावगाड्यात शिवेचा तंटा उभा राहिला की महाराला पुढे बोलावीत. कुठल्या ओढ्यापासून शीव वळते, कुठला दगड खरा आणि कुठला रातोरात सरकवलेला, हे त्याला तोंडपाठ असे. त्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरे. म्हणजे गावाचा नकाशा कागदावर येण्यापूर्वी तो आपल्या आज्या-पणज्यांच्या पायांत आणि स्मरणात होता. मोबदला काय? वतनाचा तुटपुंजा तुकडा आणि त्याच्या बदल्यात रात्रंदिवस राबणूक. ज्याने साऱ्या गावाची शीव राखली, त्याचे स्वतःचे घर शिवेलगत गावकुसाबाहेर राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले, ते याच गुलामीवर घाव घालण्यासाठी. आपला भाग तेव्हा निझामाच्या राज्यात, त्यामुळे तो कायदा आपल्याला लागू होणारा नव्हता. पण जू तेच होते.

किंथुप आणि आपला तो पूर्वज एकाच घरचे. जमीन दोघांना ठाऊक होती. ती कागदावर उतरविणारी अक्षरे दोघांच्या हाती नव्हती. बाबासाहेबांनी शिक्षणाला सर्वांत पुढे का ठेवले आणि 1950 साली मराठवाड्यात, औरंगाबादला महाविद्यालय का उभे केले, याचे उत्तर आम्हांला या दोन माणसांच्या शेजारी उभे राहिल्यावर अधिक नीट कळते.

काही वर्षांपूर्वी आम्ही नववीच्या मुलांना मैदानावर नेऊन नैनसिंहाचा प्रयोग करविला होता. माळेऐवजी प्रत्येकाच्या खिशात चिंचोके. दर 100 पावलांना एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. वसतिगृहापासून फाटकापर्यंत जाऊन परत येण्याचे अंतर दहा मुलांनी मोजले आणि दहा वेगवेगळी उत्तरे आली. कुणी घाईत लांब ढांगा टाकल्या होत्या, कुणी बोलता बोलता मोजणे विसरला होता. आठवडाभर सराव केल्यावर उत्तरे जवळ जवळ आली. एक मुलगी म्हणाली, “सर, हे तर चंक्रमणासारखंच आहे. मन दुसरीकडं गेलं की पाऊल चुकतं.” आम्हांला यापेक्षा चांगले स्पष्टीकरण देता आले नसते.

त्यानंतर आम्ही त्यांच्यापुढे भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे उलगडले. 16 ते 20 अक्षांश आणि 76 ते 80 रेखांश यांमधला प्रदेश 56 क्रमांकात येतो. आपले शिरड शहापूर त्यातच. 1:50,000 प्रमाणाच्या पत्रकावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. तपकिरी समोच्च रेषा जवळ जवळ आल्या की चढ उभा, लांब लांब असल्या की उतार सौम्य. रोज चढून जाण्याची टेकडी कागदावर ओळखता आली, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो आमच्या नोकरीतील मोठ्या मिळकतींपैकी एक आहे.

आज आपल्याच औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या खर्चास मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांमधून लेसरचा किरण धावेल आणि प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म असा लांबीतील फरक टिपला जाईल. माणसाने आजवर केलेल्या मोजमापांतील अत्यंत सूक्ष्म असे हे मोजमाप आपल्या शिवारात होणार आहे. तेथे रस्त्याची खडी फोडायला, पहाऱ्याला, सामान उचलायला आपली माणसे लागतीलच. त्या कष्टांत कमीपणा काही नाही. पण मोजणाऱ्यांच्या, गणित मांडणाऱ्यांच्या आणि निष्कर्षाखाली सही करणाऱ्यांच्या यादीत या शाळेतून गेलेल्या मुला-मुलींची नावे असतील की नाही, हे आजच्या वर्गांत ठरते आहे.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे. हळदीच्या काढणीसाठी किंवा ऊसतोडीसाठी मूल शाळेतून नेताना क्षणभर किंथुपची आठवण ठेवावी. माजी विद्यार्थ्यांनी गावी आल्यावर एखादी रविवारची सकाळ आपल्या धाकट्या भावंडांसाठी द्यावी. होकायंत्र, नकाशा आणि खिशात मूठभर चिंचोके घेऊन त्यांना शिवारातून चालवावे. ओढा कुठे वळतो, बांध कुणाचा, गायरान किती, हे त्यांनी स्वतः मोजावे आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवावे.